पेवाचं तोंड

त्या वर्षी पाऊस जायचं नावच घेईना. कापणी झाली, मळणी झाली, तरी आभाळ रोज दुपारी भरून यायचं, थोडं गळायचं आणि पुन्हा तसंच लोंबत राहायचं, चहा पिऊनही न उठणाऱ्या पाहुण्यासारखं. पाणी पिऊन पिऊन जमीन तट्ट फुगली. आणि मग गावाबाहेरच्या माळावर, जिथं पेवं होती, तिथून आंबूस वास सुटला.

पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं कोठार. तोंड माणसाच्या खांद्यांएवढं, आत रांजणासारखं पोट सुटलेलं. दाणा भरायचा, वर दगडी झाकण ठेवायचं, झाकणावर माती लिंपायची. कोरड्या सालात आतला गहू जसाच्या तसा राहतो. ओल्या सालात भिंतींना पाझर फुटतो, दाणा घामेजतो, कुजायला लागतो. मग पेव उघडून उपसावं लागतं. हे काम एकाच घराकडे होतं, बापाकडून लेकांकडे आलेलं.

घरात माणसं चार. म्हातारी, तिचे दोन लेक आणि थोरल्याची बायको. तिला गाव थोरलीच म्हणायचं. धाकटी अजून यायची होती; पण ती येण्याआधीच ही थोरली होऊन बसली होती. धाकट्याला स्थळं बघून बघून थोरल्याच्या चपला झिजल्या होत्या. त्यामुळे तो भावाला नावानं हाक मारत नसे, ‘नवरदेव’ म्हणे.

“नवरदेव, पहार घाल त्या फटीत. लग्नात उभं राहायला जोर लागतो, तो इथं दाखव.”

“तू आधी बाजूला हो. पाय चेंगरला तर वरात कोण काढणार माझी?”

गावातल्या धान्याच्या अडत्याचं पहिलं पेव त्यांनी असं हसत उघडलं. माती खरवडली, झाकण पहारीनं उचकटलं, दोघांनी ते लोटून दिलं. आतून गरम वाफ आली, आंबलेल्या पिठासारखी. थोरल्यानं मान फिरवली.

“राहू दे आता. उद्या.”

पेव उघडलं की दुसऱ्या दिवसापर्यंत त्याच्या वाटेला जायचं नाही, ही बापाची शिस्त. सकाळी थोरलीनं पत्र्याची चिमणी पेटवली, तारेला अडकवली आणि हळूहळू आत सोडली. थोरला तोंडाशी पालथा पडून बघत राहिला. ज्योत खाली खाली गेली, दाण्यावर टेकली, तिथंही उभी राहिली.

“जळतोय दिवा,” तो म्हणाला आणि सदरा काढला.

धाकटा तेव्हा टोपल्या जुळवत होता. लहानपणापासून तो हेच बघत आला होता. दिवा सोडायचा, दिवा जळतो, माणूस उतरतो. दिवा विझलेला त्यानं जन्मात कधी पाहिला नव्हता, कारण त्याच्या घरातल्यांनी पेवात कधी घाईनं दिवा सोडलाच नव्हता. बाप गेला तेव्हा तो रांगत होता. बापाचे शब्द त्याच्यापर्यंत आले, त्या शब्दांमागचं भय काही आलं नाही.

बापाचा आणखी एक नेम होता. आत तोंड चालू, वर कान चालू. उतरलेल्यानं गात राहायचं, वरच्यानं धृपद धरायचं. थोरल्याचा आवाज फुटक्या घागरीसारखा, पण जीव ओतून गायचा.

“दार तुझं खोल देवा, हाक माझी तोकडी…”

आणि वरून धाकटा, दोराला हात घालत:

“ऐक रे, ऐक रे, ऐक रे दयाळा.”

धृपद संपेपर्यंत आत टोपली भरायची. पुढची ओळ आली की ओढायची. गाणं आणि काम एकाच तालात चाले. ऐकणाऱ्याला वाटावं, जमिनीच्या पोटात कुणी तरी देवळात बसलंय.

“देवाला तुझा गळा सोसत नाही,” थोरली वरून म्हणायची.

“म्हणून तर रोज संध्याकाळी परत पाठवतो!” आतून आवाज यायचा.

त्या पेवाचा गहू उपसता उपसता तिघांच्या अंगाची सालं निघाली. ओल्या दाण्याची कुसळं घामात चिकटायची आणि मानेवर, काखेत आग उठायची. थोरलीचे तळवे दोरानं सोलले. तिनं चिंध्या बांधल्या, चिंध्याही रक्तानं कडक झाल्या. रात्री जेवताना घास बोटांच्या टोकांनी उचलावा लागे. म्हातारी बघायची, तेलाची वाटी पुढं सरकवायची. सुनेशी तिचं फार गोड नव्हतं. घरात मूल नाही हा तिचा सल होता, आणि तो सल ती भांड्यांच्या आवाजात बोलून दाखवी. पण तेलाची वाटी सरकवायला ती विसरत नसे.

उपसलेल्या गव्हाचा ढीग माळावरच पसरला. वरचेवर सरी येत, म्हणून त्यावर ताडपत्री. वारा ताडपत्री उडवायला लागला तेव्हा अडत्या म्हणाला, “तो दुसरा दोर बांधा की वरून.”

“शेठ, तो कमरेचा दोर आहे. उतरणाऱ्याचा.”

“आत्ता कोण उतरतंय? बांधा. लागेल तेव्हा सोडा.”

बांधला.

दुसरं पेव त्याच्या शेजारीच होतं. अर्धा दाणा गेल्या साली काढलेला, अर्धा तसाच ठेवून झाकण लावलेलं. म्हणजे वर पोकळी, खाली ओला गहू, आणि एवढा सगळा काळ झाकण बंद. थोरल्यानं सकाळी ते उघडलं आणि वास येताच दोन पावलं मागं सरला.

“हे फार कोंडलंय. उद्या बघू.”

अडत्यानं आभाळाकडे बोट केलं. पश्चिमेकडे काळंभोर भरलं होतं. “उद्या? उघड्या पेवात रात्रभर पाऊस गेला तर उद्या काय खीर काढणार आहेस का आतून?”

“वर पत्रा टाकतो तिरका. हवा जाईल, पाणी नाही.”

“अरे, ट्रॅक्टर उभा आहे माझा. उद्या तो दुसरीकडे जाणार. तुझ्या बापानं असली कारणं कधी सांगितली नाहीत.”

हे खोटं होतं. बापानं आयुष्यभर हीच कारणं सांगितली होती. पण मेलेल्या माणसाच्या नावानं कुणीही पावती फाडावी. मान खाली घालून थोरल्यानं पायाच्या अंगठ्यानं माती उकरली, आणि आयुष्यात न केलेली तडजोड केली.

“दुपारपर्यंत उघडं ठेवतो. मग दिवा सोडतो. दिवा काय म्हणेल ते खरं.”

“हां, दिव्याला विचार,” अडत्या हसला. “माझं नको ऐकू.”

दुपारी भुरभुर सुरू झाली. थोरली ढिगाकडे धावली, ताडपत्रीच्या कडांवर दगड ठेवू लागली. थोरला टोपलीचे कान आवळत होता. चिमणी धाकट्याच्या हातात होती. त्यानं काडी ओढली, विझली. दुसरी ओढली, ती ओलीच निघाली. ट्रॅक्टरवाला वर बसल्या बसल्या मजा बघत होता. त्यानं सीटखालून लांब बॅटरी काढून फेकली.

“हा घे दिवा. याला ना वारा लागत, ना पाऊस. तुमच्या त्या चिमणीचं आता लोणचं घाला.”

धाकट्यानं बॅटरी तारेला बांधली, बटण दाबलं, आत सोडली. पांढरा उजेड भिंतींवरून घसरत खाली गेला. दाणा स्पष्ट दिसला, बुरशीची पांढरी साय दिसली, भिंतीचा पाझरसुद्धा दिसला. चिमणीत एवढं कधी दिसलं नव्हतं.

“दिवा सोडला?” थोरल्यानं पाठमोरंच विचारलं.

“सोडला.”

“जळतोय?”

“तळापर्यंत लख्ख.”

ढिगापाशी वाकलेल्या थोरलीनं हे ऐकलं. तिच्याही मनावरचा दगड उतरला. तिनं वळून पाहिलं नाही; तिच्या हातात ताडपत्रीचं टोक होतं आणि वारा ते ओढत होता.

थोरल्यानं सदरा काढून भावाच्या खांद्यावर टाकला. “धर, नवरदेवा. घाम पुसायला आणून दे नंतर.” दोर एकच मोकळा होता. त्याला धरून तो आत न बघताच उतरला, खाली पाय टेकल्यावर त्यानंच तो टोपलीच्या कानात अडकवला.

“दार तुझं खोल देवा…”

धाकट्यानं नेहमीसारखं हसत धृपदाची तयारी केली. ओळीचा उरलेला अर्धा भाग आला नाही.

“ऐक रे, ऐक रे,” धाकट्यानं तरी म्हटलं. “ऐक रे दयाळा.” मग थांबला. “दादा, विसरलास काय?”

आतून काहीतरी भरलेलं पोतं आडवं पडावं तसा आवाज आला.

“दादा?”

बॅटरी अजून जळत होती. तिच्या उजेडात थोरला कुशीवर पडलेला दिसत होता, गाल गव्हात, एक हात टोपलीवर. झोपी गेलेल्या माणसासारखा.

“दादा!” धाकट्यानं दोर सोडला, दोन्ही हात काठावर टेकले आणि पाय आत घातले.

थोरली कशी आली ते तिला कधीच आठवलं नाही. ती आली आणि तिनं त्याला पाठीमागून काखेत धरून मागं खेचलं. दोघं चिखलात पडली. तो उठला. तिनं पाय धरले.

“सोड, वहिनी! दादा पडलाय!”

“दिवा कुठाय?”

“तो काय आत! जळतोय! चक्कर आली असेल त्याला, सोड!”

थोरलीनं पेवात पाहिलं. पांढरा, थंड, न हलणारा उजेड.

“भाऊजी, ही बॅटरी आहे.”

“मग? दिसतंय ना!”

त्यानं लाथ मारली. ती तिच्या जबड्यावर बसली. तिनं हात सोडले नाहीत. तो ओढत ओढत तिला पेवाच्या तोंडापर्यंत घेऊन गेला, तेव्हा तिनं त्याला सोडलं आणि स्वतःच त्या तोंडावर आडवी पडली. छाती एका काठावर, मांड्या दुसऱ्या काठावर, पोटाखाली पोकळी. आतली ऊब तिच्या पोटाला लागत होती. त्या उबेत तिचा नवरा होता.

“माझ्यावर पाय दे आणि जा,” ती म्हणाली. ओठातून रक्त येत होतं. “तसा नाही जाऊ देणार.”

“अगं, तुझा नवरा आहे तो!”

“माहितेय मला कोण आहे.”

ट्रॅक्टरवाला उतरून धावत आला, त्यानं धाकट्याला मागून मिठी घातली. अडत्या लांबूनच ओरडत होता, “काय झालं? अरे, काय झालं?”

“चिंधी दे,” थोरली ट्रॅक्टरवाल्याला म्हणाली. “डिझेलात बुडवून. पेटवून दे.”

त्यानं एका हातानं धाकट्याला धरून दुसऱ्या हातानं ते केलं. लायटर त्याच्याकडे होता. दुसऱ्या एका तारेच्या टोकाला भडकलेला बोळा घेऊन थोरली बाजूला सरली आणि तिनं तो आत सोडला.

धाकट्यानं पाहिलं. एवढा भडका, भुरभुरीला न जुमानणारा. पेवाच्या गळ्यातून तो खाली गेला, पोटाशी पोचला, आणि कुणी चिमटीत धरावा तसा गेला. फुंकर नाही, पाणी नाही. नुसता गेला. खाली बॅटरी तशीच लख्ख.

ट्रॅक्टरवाल्याच्या मिठीतला धाकटा एकदम जड झाला.

“दिवा… बघायला असतो ना, वहिनी?” तो म्हणाला.

ती ढिगाकडे धावली होती. तिनं ताडपत्रीचा दोर दातांनी सोडवला, ताडपत्री ओढली. उघड्या गव्हावर पाऊस पडायला लागला. अडत्याचं तोंड उघडलं. थोरलीनं त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि त्याचं तोंड मिटलं. मग तो स्वतःच पुढं आला आणि ताडपत्रीची दुसरी बाजू त्यानं उचलली.

ताडपत्रीची नळी केली, एक टोक पेवात सोडलं, दुसऱ्याला माळावर पडून असलेला उफणणीचा हातपंखा लावला. धाकटा दांडा फिरवायला लागला. खांद्यातून हात निखळेल असा फिरवत होता, आणि फिरवता फिरवता तो ओरडून धृपद म्हणत होता, ऐक रे, ऐक रे, जणू आतल्याला फक्त पुढची ओळ आठवायची बाकी होती. त्याला कुणी थांबवलं नाही.

थोरली बोळा पेटवून सोडत होती. विझला. पुन्हा सोडला, थोडा आणखी खाली जाऊन विझला. प्रत्येक वेळी तार वर ओढताना तिच्या ओठांतून काहीतरी निघायचं. ते देवाचं नाव होतं की नवऱ्याला घातलेली शिवी, ते जवळच्यालाही कळलं नसतं. माणसं जमली. कुणी म्हणालं, मला बांधा, मी उतरतो. ती नुसती विझलेला बोळा दाखवायची.

शेवटी ज्योत दाण्यावर टेकली आणि उभी राहिली. तेव्हाच तिनं ताडपत्रीवरचा दोर धाकट्याच्या कमरेला बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली आणि म्हणाली, “जा. गात जा.”

तो गायला. ओळ त्याची, धृपद तिचं. वर आला तेव्हा भाऊ त्याच्या छातीशी बांधलेला होता. थोरल्याच्या गालाला गव्हाचे दाणे चिकटले होते, ओठांच्या आतही होते. थोरलीनं पदरानं ते एकेक काढले, मुलाचं तोंड पुसावं तसे. अंग अजून गरम होतं. पण ती गरमी पेवाची होती.

नंतर घरात माणसं येऊन बसू लागली. यायची, भिंतीला टेकायची, सुस्कारा टाकायची. गावात गोष्ट फिरता फिरता तिला पाय फुटले होते. आता त्या गोष्टीत थोरला आत हाका मारत होता, पाणी मागत होता, आणि बायको भोकावर आडवी पडली होती. म्हातारीपर्यंत गोष्ट याच रूपात आली. पोटच्या लेकाचं मरण कुणाच्या तरी माथी मारल्याशिवाय आईला घोट गिळवत नाही. तिनं ते जवळचा माथा पाहून मारलं.

“गाय सुद्धा वासरासाठी विहिरीत उडी मारते,” ती आल्यागेल्याला सांगायची, सून ऐकेल अशा बेतानं. “हिनं नवरा आत तडफडत ठेवला आणि दार लावलं. धाकटा जात होता. गेला असता तर घेऊन आला असता. पोटी काही असतं तर कळलं असतं माया काय असते.”

थोरली पाणी आणून ठेवायची. जबडा सुजून निळा पडला होता, त्यामुळे तिला बोलायलाही नीट येत नव्हतं. बोलायचं तसं बरंच होतं. एक वाक्य पुरलं असतं. दिवा कोणी सोडला ते विचारा. घरातली सगळी बोटं मग दुसरीकडे वळली असती. ते वाक्य रोज तिच्या जिभेवर यायचं. सुजल्या जबड्यात ती ते धरून ठेवायची, त्या दिवशी पाय धरले होते तसं.

धाकटा कोपऱ्यात बसून असायचा. जेवण पुढं आलं की दाणे चिवडायचा. घरात कुणी बटण दाबून दिवा लावला की उठून अंगणात जायचा.

त्या दुपारी मामा आला होता, म्हातारीचा भाऊ. म्हातारीनं पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं आणि या वेळी शेवटाला नवं जोडलं.

“आता हिचं या घरात काय आहे? घेऊन जा म्हणावं माहेरच्यांना. तोंड बघितलं की मला ते भोक दिसतं.”

मामानं जमिनीकडे पाहिलं. थोरली ताट घेऊन उंबऱ्याशी उभी होती. ताट हललं नाही.

कोपऱ्यातून धाकटा उठला. भिंतीला धरून उठला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. तो म्हातारीसमोर येऊन उकिडवा बसला, तिचा हात त्यानं दोन्ही हातांत घेतला.

“आई, वहिनीला नको बोलूस. तो दिवा…”

“भाऊजी.”

थोरलीचा आवाज मोठा नव्हता. पण त्यानं मान वळवली.

“तो दिवा मी…”

“जेवायचं थंड होतंय,” ती म्हणाली. ती पुढं आली, ताट त्याच्या आणि म्हातारीच्या मध्ये ठेवलं, आणि तिथंच, दोघांच्या मध्ये बसली. “आधी जेवा.”

“वहिनी, मला सांगू दे.”

ती त्याच्याकडे वाकली. म्हातारीला कमी ऐकू येत होतं. मामा मात्र ऐकत होता आणि नंतर त्यानं आयुष्यभर हे कुणाला सांगितलं नाही.

“त्यांना एकच लेक उरलाय,” ती म्हणाली. “तो तरी राहू दे त्यांचा.”

धाकटा तिच्या सुजलेल्या जबड्याकडे बघत राहिला. मग त्यानं घास उचलला. तोंडात घातला. चावताना त्याच्या डोळ्यांतून पाणी ताटात पडत होतं आणि तो चावत होता.

“काय म्हणतेय ती?” म्हातारीनं विचारलं. “काय कुजबुज चाललीय?”

“काही नाही, आत्याबाई,” थोरली म्हणाली. “भाऊजी जेवतायत.”

म्हातारीनं लेकाच्या पाठीवरून हात फिरवला. सुनेकडे पाहिलं नाही.

“जेव रे बाबा,” ती म्हणाली. “तू तरी जेव.”